बंदूक घराची, परवाना एकाचा

गोव्यातल्या सत्तरी, सांगे किंवा काणकोण तालुक्यात बंदूक कुणाकडे आहे असे विचारले, तर एका माणसाचे नाव सहसा ऐकू येत नाही. 'वरच्या घरी आहे', 'पलीकडच्या वाड्यावर दोन आहेत' अशी उत्तरे मिळतात. परवान्याच्या पुस्तिकेत मात्र एकच नाव आणि एकच फोटो असतो. बार कुणी काढला, त्याचा जाब कुणी द्यायचा, हा प्रश्न गोव्यात पुन्हा पुन्हा निघतो तो यामुळेच.

जुन्या काळाबद्दल फार लिहीत नाही. गोव्याचे कारागीर घडवतात त्या बंदुका जर्मन बंदुकांच्या तोडीच्या आहेत, असे पोर्तुगीज सेनापतीने १५१३ मध्येच आपल्या राजाला कळवले होते. सत्तरीतल्या राण्यांची पोर्तुगीजांविरुद्धची १८५२ आणि १८९५ ची बंडे तर सर्वांना ठाऊक आहेत. रानाकाठच्या गावाला बंदूक परकी नव्हती, एवढे इथे पुरे.

मुक्तीनंतर १९५९ चा शस्त्र कायदा इथेही आला आणि त्याबरोबर एक शब्द आला, पीकसंरक्षण. गोंधळाचे मूळ त्या शब्दात आहे. पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा आणि तेवढ्याने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसऱ्या प्रकारची गुळगुळीत नळीची बंदूक द्यावी, असे कायद्याचे कलम १३ सांगते. कलम लिहिणाऱ्याच्या नजरेसमोर रात्री माळ्यावर बसून राखण करणारा शेतकरी असावा. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला. पीक खाणाऱ्या रानडुकराला मारायचे तर वन्यजीव अधिकाऱ्याचा लेखी आदेश हवा आणि गव्याला तर त्याहून कडक संरक्षण. म्हणजे पिकासाठी बंदूक बाळगता येते, पण पीक खाणाऱ्या जनावरावर ती आपल्या मर्जीने चालवता येत नाही. मग उरतो तो हवेत काढलेला बार. कुठल्याही बागायतदाराला विचारा, 'आम्ही आवाज करून हाकलतो' हेच तो सांगेल. बरेच जण खरेच सांगत असतात.

आणि बरेच जण नसतात. डुक्कर पडले की त्याचे वाटे घातले जातात आणि वाटा सात-आठ घरांत जातो. ज्याच्या घरी मटण शिजले तो तोंड उघडत नाही. गोळी कुणाची, हे वाड्यावर सर्वांना माहीत असते आणि कागदावर कुणालाच माहीत नसते. शिकारीला गेलेल्यांपैकीच कुणाला अंधारात, झुडपाआड, जनावर समजून छर्रे लागले की मात्र हे मौन महागात पडते. तेव्हा बंदूक काकांची, हात पुतण्याचा आणि बॅटरी धरणारा तिसराच, असे निघते. परवानाधारकाच्या लेखी चिठ्ठीवर दुसरा माणूस बंदूक दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला नेऊ शकतो, एवढी सवलत कायद्यात आहे. पुतण्याने ती रानात नेऊन चालवावी, अशी सवलत नाही. विनापरवाना माणसाच्या हाती बंदूक देणे हा देणाऱ्याचाही गुन्हा ठरतो. 'मी तर घरी झोपलो होतो' हा बचाव गावात चालतो, कोर्टात चालत नाही.

अभयारण्यांमुळे आणखी एक वर्तुळ पडले. अभयारण्यात किंवा त्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन्यजीव खात्याकडे नाव नोंदवावे आणि त्या टापूत नवा परवाना त्या खात्याच्या संमतीशिवाय देऊ नये, अशी तरतूद आहे. १९९९ मध्ये म्हादई आणि नेत्रावळी अभयारण्ये झाली, तेव्हा सत्तरी-सांग्याचा मोठा भाग या वर्तुळात आला. गंमत म्हणजे, चोडणच्या पक्षी अभयारण्यापासून मोजले तर पणजीही त्यात येते.

पण बंदूकवाल्यांचा खरा राग निवडणुकीत बंदुका जमा करायला लावण्यावर आहे. पूर्वी आचारसंहिता लागली की सरसकट फर्मान निघे आणि सगळ्यांनी हत्यारे ठाण्यावर आणून ठेवायची असत. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर निवडणूक यंत्रणेने नवी पद्धत घालून दिली. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या समितीने परवान्यांची छाननी करावी. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळात, सापडलेले अशांवर लक्ष द्यावे आणि ज्याची बंदूक काढून घ्यायची त्याला नोटीस द्यावी. थोडक्यात, माणूस बघून ठरवावे.

आमच्या भागात मात्र उलटेच घडताना मी पाहिले आहे. आधी सगळ्यांनी जमा करा, कुणाला सूट हवी असेल त्याने अर्ज करावा. अर्ज करायला तालुक्याहून पणजीला कोण जातो? २०२४ च्या मार्चात मी शेजारच्या काकांसोबत ठाण्यावर गेलो होतो. एकनळी गोणपाटात गुंडाळलेली, काडतुसे बिस्किटांच्या जुन्या डब्यात. हवालदाराने काडतुसे मोजली, अकरा भरली. पुस्तिकेशी ताळा जुळवला, नळीला सुतळीने चिठ्ठी बांधली आणि पावती दिली. 'माझ्यावर आजवर एक अदखलपात्र तक्रारसुद्धा नाही,' काका म्हणाले. हवालदाराने मान हलवली आणि पुढच्याला बोलावले. त्या वर्षी आचारसंहिता १६ मार्चला लागली, मतदान ७ मेला झाले आणि निकाल ४ जूनला लागला. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. बोंडू माकडांनी खाल्ले, कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, केळी गव्यांनी मोडल्या. जूनमध्ये बंदूक परत आली तेव्हा नळीच्या तोंडाशी तांबूस गंज होता. २०२२ च्या ऑगस्टात पंचायत निवडणूक होती, तेव्हा सोरदाचे, म्हणजे पावसाळी, भात शेतात उभे होते.

माझा कल बागायतदाराकडे आहे, तो लपवत नाही. ज्याच्यावर डाग नाही त्याला डाग असलेल्याच्या रांगेत उभे करणे हे त्या निकालाच्या विरुद्धच आहे. तरी 'मला माझ्या वागणुकीवरून तोला' म्हणणारा माणूस वर्षभर तीच बंदूक वाड्याला वापरायला देत असेल, तर त्याची वागणूक तोलायची कशी? सरकारला सगळे सारखेच दिसतात, यात थोडा हात आपलाही आहे.

२००९ च्या त्या निकालानंतर कायद्यात झालेले बदल कागदावर तरी एकेका माणसाला बांधणारे आहेत. २०१६ च्या नियमांनी हाताळणीचे प्रशिक्षण आणि बंदूक सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी आणली. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली आणि निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवला.

वारसाचे प्रकरण मात्र अजून सुटत नाही. धारकाचे वय ७० झाले किंवा बंदूक बाळगून २५ वर्षे झाली, की ती वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. तो अर्ज बहुतेक घरांत वेळेवर होत नाही, कारण बंदूक 'घराचीच' असते. म्हातारा जातो, बाराव्यानंतर कुणाला तरी पुस्तिका सापडते, मुदत संपलेली. काकांना यंदा चौऱ्याहत्तरावे लागले. मुलगा वेर्ण्याच्या कारखान्यात शिफ्टला जातो. 'बघूया' म्हणतो.