एक मिलिसेकंदाच्या मॉनिटरवरही चित्र पुसट का दिसतं?

हापूसचा हंगाम आटपून बागायतीचे पैसे हातात आले, की कुडाळ-कणकवलीकडच्या घरांत गेमिंगच्या कॉम्प्युटरचा विषय निघतो. ग्राफिक्स कार्ड कुठलं घ्यायचं हे मुलांचं आधीच ठरलेलं असतं. वाद होतो तो मॉनिटरवरून. मुलाला 240 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 240 वेळा चित्र बदलणारा हवा असतो आणि वडील म्हणतात, "माणसाच्या डोळ्याक साठच्या वर काय दिसना नाय, कित्याक पैसे घालवतंस?" दुकानदार खोक्यावरचा '1 एमएस', म्हणजे एक मिलिसेकंद, हा आकडा दाखवून सांगतो, की हा घ्या, यात चित्र अजिबात पुसट होत नाही.

वडिलांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, दुकानदाराच्याही. पण दोघांचीही गफलत एकाच ठिकाणी होते, आणि ती जागा डोळ्याच्या आत आहे.

'साठच्या वर दिसत नाही' हा समज लुकलुकण्यावरून आलेला आहे. दिवा सेकंदाला पन्नास-साठ वेळा उघडझाप करू लागला की बहुतेकांना तो सलग पेटलेला वाटतो. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा असला तरी फिल्मच्या प्रोजेक्टरमधली झडप प्रत्येक चित्र दोनदा किंवा तीनदा दाखवायची. असा 48 किंवा 72 वेळा उजेड पडला की लुकलुक जाणवत नसे. पण लुकलुक न जाणवणं वेगळं आणि पळती वस्तू रेखीव दिसणं वेगळं. गेम खेळणाऱ्याला हवं असतं ते दुसरं.

कोकण रेल्वेने जाताना गाडी न थांबणाऱ्या एखाद्या स्टेशनची पिवळी पाटी वाचून बघा. नजर समोर खिळवून ठेवली तर नुसता पिवळा पट्टा सरकून जातो. नजर पाटीबरोबर फिरवली तर काळी अक्षरं लख्ख वाचता येतात. पळत्या वस्तूमागे आपला डोळा एकसंध गतीने फिरतो, त्यामुळे पाटीची प्रतिमा डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, एकाच जागी टिकून राहते. सेकंदाला तीसेक अंशांपर्यंतचा वेग डोळा सहज पकडतो.

आता हीच पाटी मॉनिटरवर पळवू. इथे ती सरकत नाही, उड्या मारते. 60 हर्ट्झच्या मॉनिटरवर एक चित्र उमटतं, 16.7 मिलिसेकंद जागच्या जागी थांबतं आणि मग पुढच्या जागी दुसरं उमटतं. डोळा मात्र थांबत नाही, सरासरी वेग धरून तो फिरतच राहतो. म्हणजे त्या 16.7 मिलिसेकंदांत चित्र उभं आणि डोळा पुढे चाललेला! थांबलेलं चित्र फिरत्या रेटिनावर ओढलं जातं आणि तेवढ्या रुंदीचा फराटा उमटतो. ही धूसरता पडद्यावर नसतेच. स्क्रीनशॉट काढून बघा, एकही रेघ फिसकटलेली सापडणार नाही. म्हणूनच मॉनिटरची चाचणी घेणारे लोक कॅमेरा रुळावर बसवतात आणि चित्राच्याच वेगाने तो सरकवत फोटो काढतात. कॅमेऱ्याला डोळ्यासारखं वागायला लावल्याशिवाय हा दोष पकडताच येत नाही. मॉनिटरच्या सगळ्या विज्ञानात मला यापेक्षा सुंदर गोष्ट दुसरी वाटत नाही.

फराट्याची रुंदी काढणं सोपं आहे: वस्तूचा वेग गुणिले चित्र थांबण्याचा काळ. 27 इंची, 2560 पिक्सेल रुंद मॉनिटर घेऊ. गेममधली गाडी दोन सेकंदांत पडदा ओलांडते, म्हणजे वेग सेकंदाला 1280 पिक्सेल. 60 हर्ट्झवर फराटा 21 पिक्सेलचा, जवळपास 5 मिलिमीटर. 144 हर्ट्झवर 9 पिक्सेल, 2 मिलिमीटर. 240 हर्ट्झवर सव्वा मिलिमीटर, 480 वर अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित वर. 60 वरून 144 वर गेल्याने तीन मिलिमीटर वाचतात, 240 वरून 480 वर गेल्याने अर्ध्याच्या किंचित वर. वडिलांना दाखवायचं ते हे गणित, आणि मुलाने 480 च्या मागे लागण्याआधी नीट वाचायचं तेही हेच.

घरी पडताळा घ्यायचा तर मराठी मजकुराचं पान हळूहळू वर सरकवा आणि एका ओळीवर नजर ठेवून तिच्याबरोबर जा. 60 हर्ट्झच्या पडद्यावर सगळ्यात आधी अनुस्वार नाहीसे होतात. दोन-तीन पिक्सेलांचा ठिपका दहा-पंधरा पिक्सेलांच्या फराट्यात विरून जातो. त्यानंतर वरच्या मात्रा जातात. पडद्याचा वेग 120 करता येत असेल (बऱ्याच फोनमध्ये ती सोय असते) तर तोच मजकूर पुन्हा सरकवा. अनुस्वार बऱ्याच अंशी परत आलेले दिसतील.

मग खोक्यावरचा 1 एमएस कशाचा? एका पिक्सेलला एका करड्या छटेवरून दुसऱ्या छटेवर जायला लागणारा तो वेळ आहे. एलसीडीत द्रवस्फटिकाचे लांबट रेणू विजेच्या दाबाने वळतात आणि त्यावर किती उजेड बाहेर जाईल हे ठरतं. 1888 साली फ्रीड्रिख रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला एक पदार्थ 145 अंशांच्या आसपास वितळून गढूळ होताना आणि 178 अंशांच्या पुढे नितळ होताना दिसला, तिथून द्रवस्फटिकांची कहाणी सुरू होते. आपल्याकडे बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 साली तबकडीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले, हेही सांगायला हवं. विजेचा दाब दिला की हे रेणू झटकन वळतात, पण दाब काढल्यावर मूळ जागी येतात ते स्वतःच्या लवचीकपणावर. या परतीचा वेळ द्रवाच्या दाटपणाच्या प्रमाणात वाढतो आणि द्रवाच्या थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात. हा थर तीन-चार मायक्रॉनचाच असतो, तरी त्याची जाडी अर्धी झाली तर वेळ चौथाई होतो. बदलाला वेग यावा म्हणून मॉनिटर रेणूंना क्षणभर गरजेपेक्षा जास्त, किंवा परतीच्या वेळी गरजेपेक्षा कमी दाब देतो. याचा अतिरेक झाला की वस्तूमागे उलट्या रंगाची सावली दिसते. खोक्यावरचा 1 एमएस पुष्कळदा याच टोकाच्या सेटिंगवर मोजलेला असतो, ज्यावर कोणी खेळत नाही. व्हीए प्रकारच्या पॅनेलमध्ये काळ्यावरून गडद करड्यावर जाणं खास संथ असतं, त्यामुळे अंधाऱ्या दृश्यांत काळे ओघळ दिसतात. आयपीएस या दुसऱ्या प्रकारात ते नसतात, पण काळा रंग तितका काळा नसतो.

एवढं करून पिक्सेल शून्य वेळात बदलला, तरी चित्र थांबून राहण्याचा काळ तसाच राहतो. ओलेडचे, म्हणजे प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळणाऱ्या पडद्याचे, पिक्सेल मिलिसेकंदाच्या अगदी लहान अंशात बदलतात, तरीही 60 हर्ट्झवरचं ओलेड पळत्या चित्रात पुसटच दिसतं. उलट जुना काचेच्या नळीचा मॉनिटर 60 हर्ट्झवरही रेखीव असायचा, कारण तिथे प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून विझायचा आणि डोळ्याला ओढायला काही उरायचंच नाही. आजचे काही मॉनिटर मागचा दिवा झपझप उघडमीट करून हीच युक्ती करतात. त्यात उजेड कमी होतो आणि काहींचं डोकं दुखतं.

या सगळ्यात एक अट आहे. थांबण्याचा काळ मॉनिटरच्या हर्ट्झवर ठरत नाही, नवीन चित्र किती वेळाने येतं यावर ठरतो. कार्ड सेकंदाला 60 चित्रं देत असेल तर 240 हर्ट्झचा मॉनिटर तेच चित्र चारदा दाखवेल आणि फराटा पाच मिलिमीटरचाच राहील. 4के पडद्यावर 83 लाख पिक्सेल असतात, 1440 रेषांच्या पडद्यावर 37 लाख. म्हणजे कार्डाला सव्वादोन पट काम. 27 इंची 1440 चा एक पिक्सेल सत्तर सेंटिमीटरवरून डोळ्याशी साधारण 1.1 कलेचा कोन करतो (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि निरोगी डोळ्याची क्षमता एका कलेच्या आसपास असते. त्यामुळे या आकारात 4के साठी वेग गमावणं मला पटत नाही. माझं मत स्पष्ट आहे: 27 इंच, 1440, आयपीएस, 180 ते 240 हर्ट्झ, आणि कार्डाच्या तालावर चालणारा, म्हणजे व्हीआरआर असलेला. 'डिस्प्लेएचडीआर 400' या शिक्क्यासाठी जादा पैसे मोजू नका. त्यात पडद्याचे भाग वेगवेगळे मंद करण्याची सक्ती नाही आणि तेवढ्याशिवाय एचडीआरचा, म्हणजे एकाच चित्रात लख्ख उजेड आणि गडद काळोख दाखवण्याचा, परिणाम साधत नाही.

मॉनिटरबरोबर रेडिएशन शोषणारे स्टिकर आणि टेबलावर निवडुंग खपवला जातो, त्याला बळी पडू नका. एलसीडी आणि ओलेडमधून क्ष-किरण निघत नाहीत, आणि निघत असते तरी बाजूला ठेवलेल्या कुंडीने ते अडले नसते. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांचंही तसंच: 2023 च्या कॉक्रेन आढाव्यात त्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं आढळलं नाही. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः पापण्या कमी लवल्यामुळे.

किनाऱ्यावर खरा शत्रू मीठ आहे. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतो, आणि मालवण-वेंगुर्ल्याला पावसाळ्यात आर्द्रता दिवसच्या दिवस त्याच्या वर असते. सर्किटवर बसलेल्या धुळीतलं मीठ असं ओलं झालं की वीज वाहून नेतं आणि तांब्याला खातं. समुद्राकडच्या खिडकीखाली मॉनिटर ठेवू नका, आणि जुलै-ऑगस्टमध्ये खेळायचं नसलं तरी रोज तासभर चालू ठेवा. आतली ऊब आर्द्रता खाली आणते.

विजेचं म्हणाल तर दाब थोडा कमीजास्त झाल्याने मॉनिटर बिघडत नाही, बहुतेक 100 ते 240 व्होल्टवर चालतात. तो जातो विजांच्या कडकडाटात. सर्ज प्रोटेक्टर जादा वीज जमिनीत सोडतो, पण सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, घरांत जांभ्या दगडामुळे अर्थिंगच धड नसतं. आधी वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या, आणि गडगडू लागलं की प्लगबरोबर इंटरनेटची केबलही काढा.

पावसाच्या तोंडावर संध्याकाळी दिव्याकडे येणारी चिलटं पॅनेलच्या फटीतून आत शिरतात आणि पडद्यामागे चालताना दिसतात. बोटाने दाबू नका. चिलट तिथेच चिरडतं आणि डाग कायमचा राहतो. मॉनिटर बंद करून बाहेरचा दिवा लावलात तर बहुतेकदा ते आपणहून निघून जातं. आणि घेण्यापूर्वी दुकानात विचारा की पॅनेल बिघडलं तर दुरुस्ती जिल्ह्यात होते की घाट चढून कोल्हापूरला पाठवावं लागतं. पाठवावं लागत असेल तर खोकं आणि आतला थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत टाकू नका.