परदेशातील कंपनीसाठी व्यवसाय परवाना

परक्या देशात कंपनी काढून प्रत्यक्ष धंदा सुरू करण्याआधी तिथले सरकार, नगरपालिका किंवा नियामक संस्था यांच्याकडून घ्यावी लागणारी परवानगी. बोलताना सगळ्यालाच ‘लायसन्स’ म्हणतात, पण त्या एका शब्दात तीन निराळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात: कंपनीची नोंदणी, ठरावीक धंदा करण्याची मुभा आणि मालकाला तिथे राहून काम करण्याचा हक्क. एक हातात आली म्हणून उरलेल्या दोन आपोआप मिळाल्या, असे धरून चालत नाही.

एस्टोनियात हे चटकन दिसते. या देशाने डिसेंबर २०१४ मध्ये ‘ई-रेसिडेन्सी’ सुरू केली. परदेशी माणसाला ओळख पटवून डिजिटल ओळखपत्र मिळते आणि त्यावर घरबसल्या एस्टोनियन कंपनी नोंदवता येते. नावात ‘रेसिडेन्सी’ असली तरी या कार्डावर ना व्हिसा मिळतो, ना निवासाचा हक्क. कंपनीचा कारभार प्रत्यक्षात दुसऱ्याच देशातून चालत असेल, तर तिथले करखातेही आपला वाटा मागू शकते.

नोंदणी आज सोपी झाली आहे. पूर्वी ती मेहेरबानीची बाब होती. इंग्लंडमध्ये १८४४ च्या कायद्याआधी कंपनीला कायदेशीर अस्तित्व हवे असेल, तर राजाची सनद किंवा पार्लमेंटचा खास कायदा लागे. त्यानंतर नुसत्या नोंदणीवर काम भागू लागले. ब्रिटनमध्ये आजही सर्व धंद्यांना लागू असा सरसकट परवाना नाही. दारू विकायची तर स्थानिक कौन्सिल, ग्राहकांना कर्ज द्यायचे तर वित्तीय नियामक, असे धंद्यागणिक दार वेगळे. जर्मनीत ‘जीएमबीएच’ (मर्यादित दायित्वाच्या) प्रकारच्या कंपनीला २५,००० युरो भांडवल आणि नोटरीसमोर केलेला करार लागतो. मग स्थानिक कार्यालयाला धंद्याची वर्दी द्यायची. ती फक्त वर्दी असते, परवानगीचा अर्ज नव्हे. मात्र विजेची कामे, छप्परकाम अशा कारागिरीत ‘माइस्टर’, म्हणजे उस्ताद कारागिराची पदवी, किंवा त्या तोडीची पात्रता असलेला माणूस दाखवावाच लागतो. अमेरिकेत कंपनी राज्याकडे नोंदवली जाते, कर-क्रमांक केंद्राच्या महसूल खात्याकडून येतो आणि दुकानाचा परवाना बहुधा शहर किंवा काउंटी देते. त्यामुळे डेलावेअरमध्ये कंपनी नोंदवून दुसऱ्या राज्यात दुकान थाटले, तर त्या राज्यातही वेगळी नोंद करावी लागते.

संयुक्त अरब अमिरातीत गणित उलटे आहे. तिथे परवाना हाच कंपनीचा कणा. दुबईच्या परवान्यावर ‘ॲक्टिव्हिटी’, म्हणजे करायचा नेमका धंदा, छापलेला असतो. कपड्यांचा व्यापार एवढेच लिहिले असेल तर कपडे शिवून देणे त्यात येत नाही. ही ओळ घाईघाईत निवडली की पुढे बँकेत खाते उघडताना नडते. आधी नाव राखून ठेवायचे, मग प्राथमिक मंजुरी, भागीदारांचा करार, भाडेकराराची ‘इजारी’ नोंद, शुल्क, आणि सरतेशेवटी परवाना. प्राथमिक मंजुरीचा कागद दिसायला किरकोळ असतो. पण कंपनी नाही म्हणून जागा नाही आणि जागा नाही म्हणून परवाना नाही, ही कोंडी तोच फोडतो. मुख्य भूमीवरच्या, म्हणजे खास नियमांच्या मुक्त क्षेत्रांबाहेरच्या, कंपन्यांत पूर्वी ५१ टक्के हिस्सा स्थानिकाचा असावा लागे. १ जून २०२१ पासून बहुतेक धंद्यांत पूर्ण परदेशी मालकी चालते. १९८५ साली सुरू झालेल्या जेबेल अली मुक्त क्षेत्रासारख्या भागांत ती आधीपासूनच होती.

थायलंडने दार जेमतेम किलकिले ठेवले आहे. १९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्याला धंद्यांच्या तीन याद्या जोडलेल्या आहेत. काही धंदे परदेशी माणसाला बंद, काहींना मंत्रिमंडळाची संमती लागते, आणि बऱ्याच सेवा खास परवान्याशिवाय करता येत नाहीत. यातून पळवाट म्हणून थाई माणसाच्या नावावर नुसते शेअर ठेवण्याची टूम निघाली. ‘सगळे असेच करतात’ असे सांगणारा एजंट भेटतोच. पण हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सिंगापूरची अट त्यामानाने सौम्य: भांडवल एक डॉलर असले तरी चालते, मात्र निदान एक संचालक तिथे राहणारा हवा.

खरी दमछाक कागदपत्रांत होते. १९६१ च्या हेग करारातील देश एकमेकांचे दस्तऐवज ‘अपोस्टील’ या एकाच शिक्क्यावर मान्य करतात. चीनमध्ये हा करार नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडात जानेवारी २०२४ पासून लागू झाला. कराराबाहेरच्या देशासाठी तोच कागद नोटरी, आपले परराष्ट्र खाते, त्या देशाचा दूतावास असा फिरतो. पाठची बाजू शिक्क्यांनी भरली की जादा कागदाची पट्टी चिकटवावी लागते. एवढे करून पासपोर्टवर आडनाव आहे आणि पदवीवर नाही, असे निघाले की फेरी पुन्हा पहिल्यापासून.

परवान्याला किती दिवस लागतात, हे मोजण्याची कल्पना पेरूची राजधानी लिमा इथल्या एका प्रयोगाने गाजली. अर्थतज्ज्ञ एर्नांदो दे सोतो यांच्या संस्थेने १९८३ मध्ये शिवणकामाचा छोटा कारखाना सगळे नियम पाळून उघडून पाहिला. २८९ दिवस लागले. पुढे जागतिक बँक देशांची अशी क्रमवारी लावू लागली, आणि आकडेवारीतल्या गैरप्रकारांमुळे सप्टेंबर २०२१ मध्ये ती बंद झाली. त्या मोजणीतली नमुना कंपनी पूर्णपणे स्थानिक मालकीची धरलेली असे, हे फारसे कुणी सांगत नाही. तेव्हा ‘अमुक देशात अर्ध्या दिवसात कंपनी’ ही जाहिरात परदेशी माणसाला जशीच्या तशी लागू पडत नाही.

परवान्याची मुदत अनेक ठिकाणी वर्षाची असते. धंदा बुडाला म्हणून नूतनीकरण सोडून दिले, तर कंपनी आपोआप संपत नाही. दंड साचत जातो. बंद करायलाही अर्ज लागतो: देणी फेडल्याचे कागद, करखात्याचा नाहरकत दाखला आणि कंपनीच्या नावावर काढलेले व्हिसा रद्द केल्याची पावती.