पशुवैद्य येईपर्यंत: श्वान हँडलरच्या प्रथमोपचार प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

रणभूमीवर कुत्रा आणि प्रथमोपचार यांची पहिली गाठ पडली ती उलट्या बाजूने. १८९०च्या दशकात जर्मनीत ज्याँ बुंगार्ट्झ या प्राणिचित्रकाराने (हो, चित्रकारानेच) जखमी सैनिक हुडकून काढणारे कुत्रे तयार करायला घेतले. पहिल्या महायुद्धात युरोपातल्या अनेक सैन्यांकडे असे रेडक्रॉसचे कुत्रे होते. त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत पट्ट्या असत, पण त्या माणसांसाठी. कुत्र्यालाच गोळी लागली तर त्याच्यासोबतच्या शिपायाने काय करायचे, याचा विचार फारसा कोणी केलेला नव्हता.

माणसांच्या बाबतीत हा प्रश्न तोवर सुटत आला होता. इंग्लंडमध्ये १८७७ साली सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन निघाली आणि डॉक्टर येईपर्यंत सामान्य माणसाने काय करावे याचे वर्ग सुरू झाले. जनावरांचे मात्र तसे नव्हते. लष्करी पशुवैद्यक म्हणजे मुख्यतः घोड्यांचे वैद्यक. ब्रिटिश सैन्याने १९१७ मध्ये शूबरीनेस येथे एडविन रिचर्डसन यांच्या हाताखाली निरोप्या कुत्र्यांची शाळा काढली, तेव्हाही कुत्र्यांचा औषधोपचार हे पशुवैद्याचे काम आणि खाणेपिणे, खरारा, निगा हे हँडलरचे, म्हणजे कुत्रा सांभाळणाऱ्या शिपायाचे, अशीच वाटणी होती. ती तर्काला धरून होती. तिच्यात एकच खोट होती: कुत्रा जिथे जखमी होतो तिथे पशुवैद्य जवळपास कधीच नसतो. पुढचा सगळा इतिहास म्हणजे ही वाटणी हळूहळू मोडत गेल्याची कथा आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने १९४२ मध्ये कुत्र्यांची भरती सुरू केली. १९४४ च्या ग्वाम बेटावरच्या लढाईत मरीन दलाची श्वानपथके उतरली आणि त्यांचे २५ कुत्रे कामी आले. तिथल्या एका पथकाचे प्रमुख विल्यम पटनी स्वतः पशुवैद्य होते, पण असा योग अपवादानेच येतो. व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे सुमारे ४,००० कुत्रे होते. तिथे गोळ्या आणि सापळ्यांइतकेच ऊन आणि गोचिडीही जिवावर उठल्या. गोचिडीतून येणाऱ्या एर्लिकिया या जिवाणूच्या साथीत जर्मन शेफर्ड नाकातून रक्त वाहून दगावू लागले. अशा आजारात नाकातले रक्त, उतरलेली भूक, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या सर्वांत आधी दिसतात त्या रोज कुत्र्यासोबत राहणाऱ्याला. तपासणी हा उपचाराचा पहिला भाग आहे आणि तो हँडलरलाच करावा लागतो, हे इथे कळायला हरकत नव्हती. पण युद्ध संपले तेव्हा यातले बहुतेक कुत्रे ‘साहित्य’ म्हणून तिथेच सोडून दिले गेले. कागदोपत्री जे साहित्य, त्याच्या प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम कोण बसवणार?

खरे वळण आले ते माणसांच्या वैद्यकातून. १९९६ मध्ये अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी लढाईतल्या उपचाराची नवी पद्धत मांडली. हातापायांतून होणारा रक्तस्राव, छातीत कोंडलेली हवा आणि बंद पडलेला श्वासमार्ग ही टाळता येण्याजोग्या मृत्यूंची कारणे समोर ठेवून, गोळीबार चालू असताना काय करायचे, आडोशाला आल्यावर काय आणि हलवताना काय, असे तिचे टप्पे होते. इराक आणि अफगाणिस्तानात ती वापरून पक्की होत गेली. तिथे स्फोटके हुंगणारे कुत्रे गस्तीच्या पुढे चालत. २००३ ते २००९ या काळात तिथे गोळी लागलेल्या २९ लष्करी कुत्र्यांच्या नोंदी पुढे अभ्यासल्या गेल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक वाचले नसल्याचे दिसले. मग माणसांची पद्धत कुत्र्यांसाठी बेतण्याचे काम सुरू झाले. लष्करापाठोपाठ, २०१०च्या दशकात, पोलिसांच्या श्वानपथकांसाठीही मार्गदर्शक सूचना तयार झाल्या.

ही बेतणी म्हणजे नुसती नक्कल नव्हती. टूर्निकेचेच घ्या, म्हणजे रक्त थांबवण्यासाठी हातपाय आवळणाऱ्या पट्ट्याचे. माणसांच्या युद्धवैद्यकात त्याने असंख्य जीव वाचवले. कुत्र्याचा पाय मात्र वरून खाली निमुळता होत जातो, त्यामुळे माणसासाठी बनवलेला पट्टा सरकतो, नीट आवळत नाही. म्हणून इथे भर थेट दाबावर, जखमेत जाळीची पट्टी ठासून भरण्यावर आणि घट्ट बांधणीवर. नाडी मनगटावर नाही, मांडीच्या आतल्या बाजूला बघायची. आणि या सगळ्याच्या आधी मुसके! कळवळणारा कुत्रा स्वतःच्या हँडलरलाही चावतो, हे माहीत असूनही आणीबाणीत विसरले जाते. मात्र उलटी होत असेल किंवा श्वास कोंडला असेल तर मुसके बांधायचे नाही. हा अपवाद पुस्तकात एका ओळीचा असला तरी सरावात त्याला वेळ द्यावा लागतो.

हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याच्या तंत्राबाबत तर २०१२ पर्यंत पशुवैद्यांमध्येही एकवाक्यता नव्हती. त्या वर्षी ‘रिकव्हर’ या उपक्रमाने पुराव्यांवर आधारित सूचना काढल्या, २०२४ मध्ये त्या सुधारल्या. मिनिटाला १०० ते १२० दाब आणि तोंड मिटून नाकातून श्वास, हे आज हँडलर शिकतो ते तिथून आले.

गोळीच्या जखमांची चर्चा जास्त होते, पण रोजच्या कामात उष्माघाताची धास्ती मोठी आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंगातली उष्णता घालवतो. शिवाय कामाच्या नादात थांबायचे त्याला कळत नाही. ‘गार पाणी नको, ओला टॉवेल टाका आणि दवाखाना गाठा’ हा सल्ला वर्षानुवर्षे दिला गेला. आता तो मागे पडून ‘आधी थंड करा, मग हलवा’ हा नियम आला आहे. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात २०१२ मध्ये सुरू झालेल्या कामकरी कुत्र्यांच्या केंद्राने २०२४ मध्ये दाखवले, की व्यायामाने तापलेल्या पण शुद्धीवर असलेल्या कुत्र्याला पाण्यात डोके बुडवायला शिकवले, तर तो सर्वांत लवकर निवतो. हे केंद्र उभे करणाऱ्या सिंथिया ऑटो ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कच्या ढिगाऱ्यावर शोधकुत्र्यांवर उपचार करत होत्या.

मग अमली पदार्थांचा प्रश्न आला. २०१६ मध्ये फ्लोरिडात एका झडतीनंतर तीन पोलिसी कुत्र्यांना ओपिऑइडची (अफूसारख्या द्रव्याची) बाधा झाली. नॅलॉक्सोन या उताऱ्याने ते वाचले आणि हँडलरच्या पिशवीत या औषधाची भर पडली.

औषध आले की कायदा येतो. जनावरावर उपचार कोणी करावा यावर बहुतेक देशांत निर्बंध आहेत. ब्रिटनच्या १९६६ च्या कायद्याने आणीबाणीचा प्रथमोपचार कोणालाही खुला ठेवला, सगळीकडे तसे नाही. २०१८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात यार्मथ पोलीस दलाचा नीरो हा कुत्रा गोळीबारात जखमी झाला. रुग्णवाहिका हजर होत्या, पण जनावर नेण्याची परवानगी नव्हती. नीरो वाचला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २०२२ मध्ये आला. कोणा माणसाला रुग्णवाहिकेची गरज नसेल तर जखमी पोलिसी कुत्र्यावर उपचार करून त्याला नेण्याची मुभा आपत्कालीन सेवकांना मिळाली, प्रशिक्षणाच्या अटीसह. मात्र त्याच घटनेत नीरोचे हँडलर शॉन गॅनन मारले गेले होते. म्हणजे ज्याला आपण हे सारे शिकवतो, तोच अशा वेळी उभा नसेल. तेव्हा पथकातल्या आणखी एकाला तरी या वर्गात बसवायला हवे, आणि तो कुत्र्याच्या ओळखीचा हवा, कारण अनोळखी हाताने मुसके बांधून घ्यायला जखमी कुत्रा तयार होत नाही.