अँटिबायोटिकची चिठ्ठी घेऊन आलाय ना, मग घरी जायच्या आधी एवढं वाचाच

मागच्या पावसाळ्यात एक आजी दुकानावर आल्या, पदराची गाठ सोडली अन् त्यातून स्ट्रिपचा कापलेला तुकडा काढला, दोन गोळ्या शिल्लक होत्या. म्हणल्या, "लेका हीच दे, मागच्या साली हिनंच गुण आला होता." तुकड्यावर नाव अर्धंच, एक्सपायरीची बाजू कधीच कापून गेलेली. विचारलं तर कळलं मागच्या साली लघवीला जळजळ होती, आता खोकला हाय. आजींना बसवून सगळं समजावून सांगितलं, तेव्हाच ठरवलं की हे सगळ्यांसाठी लिहून काढायचं, कारण काउंटरवर गर्दी असली की आमच्याकडून बी नीट सांगणं होत नाही.

आमचं म्हणणं एवढंच हाय की अँटिबायोटिक ही एका माणसाची, एका दुखण्याची, आणि डॉक्टरांनी लिहिली तेवढ्याच दिवसांची असती. शेजारच्या लेकराला लागू पडली म्हणून आपल्या लेकराला द्यायची नाही, घरातल्या शेळीला तर नाहीच नाही.

बरेच जण येऊन म्हणतात "एखादी पावरची गोळी द्या". ही पावर फक्त बॅक्टेरियावर चालते. साधी सर्दी, फ्लू, डेंगू, चिकुनगुन्या हे व्हायरसचे आजार, त्यांच्यावर हिचा काही उपयोग नाही, बेडका पिवळा पडला म्हणजे अँटिबायोटिक लागतेच असं पण नाही. स्ट्रिपच्या मागं उभी लाल रेघ दिसली की समजायचं ही चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सॅसिन असल्या बऱ्याच गोळ्या शेड्यूल एच-वन मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत येतात, हा नियम मार्च २०१४ पासून लागू हाय. त्यांच्यासाठी आम्हाला पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, गोळ्या किती दिल्या हे वेगळ्या रजिस्टरला लिहावं लागतं आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपावं लागतं. म्हणून ओळखीच्या माणसाला पण नाही म्हणतो, राग मानू नका.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. ५ दिवसांचा कोर्स, तिसऱ्या दिवशी ताप उतरला, "बरं वाटायलंय" म्हणून गोळ्या बंद, उरलेल्या कपाटावर. ताप उतरला म्हणजे सगळे जंतू मेले असं नसतं, आजार परत उलटू शकतो. आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळी कशालाही अर्धवट खाल्ल्या की औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे टिकून वाढतात, मग साधी गोळी लागू पडत नाही अन् ॲडमिट होऊन सलाईनमधून इंजेक्शनं घ्यावी लागतात. काही दुखण्यांना डॉक्टर ३ च दिवस देतात, काहींना १४, ते दुखण्यावर असतं, म्हणून दिवस कमी-जास्त आपल्या मनानं करायचे नाहीत, त्रास झाला तर आधी डॉक्टरांना फोन करा मग ठरवा. ॲझिथ्रोमायसिन ३ दिवसच दिली म्हणून काही जण नाराज होतात, पण ती गोळी संपल्यावर पण बरेच दिवस शरीरात राहून काम करत असती.

टायमाचं असं, चिठ्ठीवर दोन टाइम म्हणजे साधारण १२ तासांनी, तीन टाइम म्हणजे ८ तासांनी. सकाळी ११ ला न्याहारीबरोबर एक अन् दुपारी ३ ला दुसरी घेतली तर रात्रभर अंगात औषध कमी पडतं. डोस विसरला तर आठवल्यावर लगेच घ्या, पण पुढच्या डोसची वेळ झालीच असेल तर राहिलेला सोडून द्या. दोन एकदम घ्यायच्या नाहीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही पाकिटावर सूर्य अन् चंद्र काढून देतो, मागून घ्या, लाजू नका.

खाण्याचं नीट वाचा कारण इथं गोळीगणिक फरक हाय. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह, म्हणजे ती ६२५ वाली, जेवायला बसतानाच घ्यायची, उपाशी पोटी घेतली की मळमळ अन् जुलाब जास्त होतात. नवरात्राचे उपवास, एकादशी, रोजे चालू असतील तर चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांना सांगा, काही आजारांत दिवसातून एकदाच घ्यायची गोळी लिहून देता येती. सिप्रोफ्लॉक्सॅसिन नुसत्या दुधाबरोबर, दह्याबरोबर, ताकाबरोबर घ्यायची नाही, पोटात ते एकमेकाला धरून बसतात अन् गोळी रक्तात उतरतच नाही. रक्तवाढीची लोहाची गोळी, कॅल्शियम, ॲसिडिटीचं पातळ औषध यांचं पण तसंच, सिप्रो त्यांच्या २ तास आधी नाहीतर ६ तास नंतर. डॉक्सीसायक्लिनला पण लोह, कॅल्शियम अन् ॲसिडिटीचं औषध दूरच ठेवा. ती घोटभर चहावर गिळून लगेच आडवं व्हायचं नाही, गोळी अन्ननलिकेत अडकून तिथं जखम करती, म्हणून मोठा पेला पाणी आणि निदान अर्धा तास बसून राहा. डॉक्सी चालू असताना उन्हात कातडी लवकर भाजती, रानात जाताना डोक्याला रुमाल अन् पूर्ण बाह्यांचा शर्ट. मेट्रोनिडाझोलवर दारू नको, कोर्स संपल्यावर पण ३ दिवस नको. तिनं तोंड कडू पडलं, लघवी गडद झाली तर घाबरू नका.

"गोळी गरम पडायली" असं बरेच जण सांगतात. थोडे जुलाब, तोंड येणं हे होतं, ओआरएस घ्या, अमॉक्सिसिलिनवाल्यांनी ताक प्यायलं तरी चालतं. पण रक्त पडलं किंवा पाण्यासारखी संडास थांबेना तर दवाखाना गाठा. अंगावर गांधी उठल्या तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना फोन, आणि ओठ-तोंड सुजलं, दम लागला तर वाट बघायची नाही, सरळ १०८ ला फोन. आधी कधी पेनिसिलिननं असं झालं असेल तर ते प्रत्येक डॉक्टरला अन् आम्हालाही सांगायचंच. दिवस गेलेत, अंगावर पाजताय, शुगरच्या गोळ्या चालू हायत, हृदयाची झडप बदलून रक्त पातळ व्हायची गोळी चालू हाय, हे पण आधीच सांगा.

लेकरांचं ड्राय सिरप. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं, आधी बाटली उपडी करून पावडर सुटी करायची, मग अर्धं पाणी घालून हलवायची, मग बाटलीवरच्या खुणेपर्यंत. फेस बसला की खुण परत बघा, कमी दिसली तर थोडं पाणी घाला. खुणेच्या वर गेलं की औषध पातळ झालं, कमी भरलं की दाट. जमत नसेल तर पाणी आमच्याकडून घालून घ्या. घरातला चमचा वापरू नका, लहान-मोठा असतो, सोबतचं माप किंवा सिरिंजच. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हचं सिरप कालवल्यावर फ्रीजमध्ये (बर्फाच्या कप्प्यात नाही) ७ दिवस चालतं, मग उरलं तरी फेकायचं. घरी फ्रीज नसेल किंवा लाइट जास्तच जात असेल तर बाटली कालवायच्या आधी बोला, डॉक्टरांना विचारून पाण्यात विरघळणारी गोळी मिळते का बघू.

आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या वर जातो अन् पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. गोळ्या पत्र्याखालच्या फळीवर, खिडकीत, गाडीच्या डिक्कीत ठेवायच्या नाहीत, घरातली सगळ्यात थंड अन् कोरडी जागा बघा, माठाच्या ओलीजवळ पण नको. क्लॅव्हवाली गोळी ओल लागली की लवकर खराब होती, म्हणून खायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढा.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी. कोर्स चालू असतानाच टोळी निघणार असेल तर सगळ्या दिवसांच्या गोळ्या एकदमच घेऊन जा, चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, म्हणजे कारखान्याच्या गावात दवाखान्यात जायची पाळी आली तर तिथल्या डॉक्टरला कळतं काय चालू हाय. गोळ्या नीट झाकणाच्या डब्यात, धान्याच्या अन् फवारणीच्या सामानापासून वेगळ्या, लेकरांचा हात पोचणार नाही अशा. कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, उंच जागा नसती हे माहिताय, तर डबा पिशवीत घालून मेढीला (खांबाला) वर बांधा.