दत्तजयंतीनंतरच्या रात्री चंद्रावरून आलेले गॅमा किरण

28 डिसेंबर 2004, पहाटेचे 3. दत्तजयंती नुकतीच झालेली, गोव्याच्या आकाशात जवळजवळ पूर्ण चंद्र माथ्यावरून जरा पश्चिमेला कललेला. त्याच वेळी धनू राशीच्या दिशेच्या एसजीआर 1806-20 या ताऱ्यावरच्या स्फोटातून निघालेले गॅमा किरण (क्ष-किरणांहूनही जास्त ऊर्जेचे किरण) हजारो प्रकाशवर्षांचा प्रवास करून पृथ्वीवर आदळले. सूर्यही तेव्हा धनूतच, त्यामुळे तारा आपल्याला क्षितिजाखाली होता. मारा झाला तो पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूवर, जिथे दिवस होता. तिथलं आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, ढवळून निघालं.

कोरोनास-एफ हा रशियन उपग्रह पृथ्वीच्या आडोशाला होता. त्याला स्फोट थेट दिसला नाही, दिसला तो चंद्रावरून परावर्तित झालेला. म्हणजे आपल्या डोक्यावरचा चंद्र काही क्षण गॅमा किरणांत उजळला होता! डोळ्यांना ते दिसणं शक्यच नव्हतं, आणि वातावरण हे किरण जमिनीपर्यंत पोचूही देत नाही.

हा तारा म्हणजे मॅग्नेटार, न्यूट्रॉन ताऱ्यांचाच (मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेल्या अतिघन गाभ्यांचा) एक प्रकार. न्यूट्रॉन ताऱ्याचा व्यास जेमतेम 20 किलोमीटर, पसारा फार तर गोव्यातल्या बार्देश तालुक्याएवढा, पण वस्तुमान सूर्याहून जास्त. त्यातही मॅग्नेटारचं चुंबकक्षेत्र पृथ्वीच्या लाख कोटी पटींहूनही कितीतरी प्रबळ. अशा ताऱ्यांची कल्पना डंकन आणि थॉम्पसन या शास्त्रज्ञांनी 1992 मध्ये मांडली. 1998 मध्ये क्रिसा कुवेलिओतू आणि सहकाऱ्यांनी याच ताऱ्याची गिरकी किती वेगाने मंदावते ते मोजलं, त्यावरून प्रबळ चुंबकक्षेत्राचा अंदाज आला आणि कल्पनेला आधार मिळाला.

हे क्षेत्र आतून पिळत राहतं, ताऱ्याच्या घट्ट कवचावर ताण चढतो. कवच तडकलं की क्षेत्राची मांडणी एकदम बदलते आणि गॅमा किरण उसळतात. ताण पुन्हा साठतो, म्हणून स्फोटही पुन्हा पुन्हा होतात. बहुतेक किरकोळच असतात. 2004 चा मात्र अफाट होता: सूर्याला लाखाहून अधिक वर्षं लागतील एवढी ऊर्जा 0.2 सेकंदांत बाहेर पडली. मागोमाग सहाएक मिनिटं मंद होत जाणारी शेपटी, दर 7.56 सेकंदांनी, म्हणजे ताऱ्याच्या दर गिरकीला, उजळणारी. चुंबकक्षेत्रात अडकलेला तप्त गोळा ताऱ्याबरोबर फिरत होता, हे त्यातून कळलं. मला या स्फोटातला सर्वांत सुंदर पुरावा हाच वाटतो.

हे प्रचंड क्षेत्र दहाएक हजार वर्षांत ओसरतं, म्हणून आजवर तीसच्या आसपासच मॅग्नेटार सापडलेत. दुसऱ्या दीर्घिकांमधल्या अशा स्फोटांची क्षीण शेपटी सहसा दिसत नाही, नुसती चमक दिसते आणि ती न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतल्या चमकीपासून वेगळी ओळखणं अवघड जातं. 15 नोव्हेंबर 2023 ला इंटिग्रल उपग्रहाने अशीच एक चमक टिपली. ती सुमारे 1.2 कोटी प्रकाशवर्षांवरच्या एम 82 दीर्घिकेतली निघाली. काही तासांतच दुर्बिणी तिकडे वळल्या, पण न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीनंतर अपेक्षित असलेली प्रकाशाची वा गुरुत्वलहरींची (अवकाशातच उठणाऱ्या तरंगांची) कोणतीच खूण सापडली नाही. तिथेही मॅग्नेटारच असणार.