गोळ्यांनी शुगर होते का? नेमकी कुठली गोळी ते आधी बघा

नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कंपनीत जाणाऱ्या बायका असोत नाहीतर कॉलेज रोडच्या क्लासमधल्या मुली, गर्भनिरोधक गोळ्यांचा विषय निघाला की "त्यानं शुगर होते म्हणे" हे कोणीतरी बोलतंच, आणि मग डॉक्टरांना न विचारताच पाकीट बंद. मला याची खरंच काळजी वाटते.

1960 साली अमेरिकेत पहिली गोळी आली तेव्हा तिच्यात इस्ट्रोजेन हे हार्मोन 150 मायक्रोग्रॅम होतं, आज आशाताई देतात त्या माला-एनमध्ये 30 आहे. जुन्या जड डोसनं शुगर बिघडायची हे खरंय, भीती तिथून आलीय.

आता होतं काय, तर गोळीतलं दुसरं हार्मोन म्हणजे प्रोजेस्टिन, त्यातही लेव्होनॉर्जेस्ट्रेल, हे इन्सुलिनचं काम थोडं मंद करतं, मग स्वादुपिंड थोडं जास्त इन्सुलिन सोडून ते भरून काढतं आणि तब्येत ठीक असलेल्या बाईची शुगर नॉर्मलच राहते. इस्ट्रोजेननं ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी वाढते, ती आधीच जास्त असेल तर डॉक्टरांना सांगाच. पीसीओडीवाल्या मुलींना गोळीनं पाळी नियमित येते, पिंपल्स कमी होतात, पण मुळातला इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही ते, त्यानं जात नाही, त्यासाठी चालणं, वजन आणि डॉक्टरांनी दिली तर मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी.

अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन वेगळं, दर 3 महिन्यांनी घ्यायचं, त्यात फक्त प्रोजेस्टिन असतं, काहींचं वजन वाढतं आणि उपाशीपोटीची शुगर किंचित वर जाऊ शकते. गरोदरपणात शुगर निघाली होती अशांनी गोळी-इंजेक्शन काहीही घेत असल्या तरी डिलिव्हरीनंतर 6 आठवड्यांनी ग्लुकोज पिऊन करतात ती टेस्ट करावी आणि पुढेही वर्षातून एकदा शुगर बघावी, कारण त्यांना डायबेटिसचा धोका मुळातच जास्त असतो. तांबीत हार्मोनच नाही, म्हणून शुगरशी तिचा संबंध नाही.

ज्यांना डायबेटिसमुळे किडनी किंवा डोळ्यांना त्रास झालाय किंवा जोडीला बीपी आहे त्यांना इस्ट्रोजेनची गोळी सहसा देत नाहीत, पण ते रक्ताच्या गुठळीच्या आणि हार्टच्या भीतीनं, शुगर वाढेल म्हणून नाही.

आणि गोळी बंद करून दुसरं काहीच वापरलं नाही तर दिवस राहू शकतात, आणि गरोदरपणात वारेतून (प्लासेंटातून) येणारी हार्मोन्स इन्सुलिनला जेवढी अडवतात तेवढं आजची कमी डोसची गोळी कधीच अडवत नाही.