इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षम प्रौढांची देखभाल : पात्रता, कागदपत्रे आणि प्रशिक्षण

केअर वर्कर म्हणून परदेशातून थेट इंग्लंडला जाण्याचा व्हिसामार्ग नव्या अर्जदारांसाठी २२ जुलै २०२५ पासून बंद झाला आहे. म्हणून प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राबरोबर व्हिसाही मिळवून देतो, असे सांगून पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नये. पुढील माहिती जोडीदाराच्या व्हिसावर किंवा अन्य मार्गाने तेथे काम करण्याचा हक्क आधीच मिळालेल्यांसाठी आहे.

या कामासाठी पदवी लागत नाही. मात्र कागदपत्रे चोख हवीत. काम करण्याचा हक्क सिद्ध करण्यासाठी ई-व्हिसाचा शेअर कोड, म्हणजे नियोक्त्याला तो हक्क ऑनलाइन पडताळता यावा म्हणून मिळणारा संकेतांक, द्यावा लागतो. या नोकरीसाठी लागणारी डीबीएस ही वाढीव (एनहान्स्ड) पूर्वचारित्र्य तपासणी उमेदवाराला स्वतः करून घेता येत नाही, ती नियोक्त्यामार्फत होते. तिच्यासाठी ओळखीचे व सध्याच्या पत्त्याचे पुरावे आणि गेल्या ५ वर्षांतील सर्व पत्ते द्यावे लागतात. भारतात राहिलेल्या उमेदवाराकडून पोलिसांचा चारित्र्य दाखलाही मागितला जाऊ शकतो. अलीकडील छायाचित्र, आधीच्या नियोक्त्यांचे अभिप्राय आणि संपूर्ण नोकरीचा तपशील द्यावा लागतो, आणि मध्ये खंड असल्यास त्याचे लेखी कारण कायद्यानेच आवश्यक आहे. घर किंवा मुले सांभाळण्यात गेलेली वर्षेही सरळ तशीच नोंदवावीत.

नव्या कर्मचाऱ्याने केअर सर्टिफिकेट हे देखभालीच्या कामाचे प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण करावे, अशी अपेक्षा असते. त्याच्या १६ मानकांपैकी शेवटचे बौद्धिक अक्षमता व स्वमग्नता यांविषयी आहे. शिवाय १ जुलै २०२२ पासून, सीक्यूसी या नियामक संस्थेकडे नोंदणीकृत असलेल्या प्रत्येक सेवेने कर्मचाऱ्यांना त्यांच्या कामानुरूप या विषयाचे प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे. त्यासाठी सरकारने पुरस्कृत केलेल्या अभ्यासक्रमाला ऑलिव्हर मॅकगोवनचे नाव दिले आहे. स्वतःचा व आईवडिलांचा विरोध असताना मनोविकारावरील औषध दिले गेलेला हा १८ वर्षांचा मुलगा २०१६ मध्ये ब्रिस्टलच्या रुग्णालयात दगावला. प्रत्यक्ष देखभाल करणाऱ्यांसाठी दुसरा स्तर असतो : आधी ऑनलाइन पाठ आणि नंतर एका दिवसाचा प्रत्यक्ष वर्ग, ज्यात बौद्धिक अक्षम व स्वमग्न व्यक्ती स्वतः शिकवतात.

तथापि केअर सर्टिफिकेट मिळाले किंवा हा अभ्यासक्रम पूर्ण झाला म्हणजे अंगावर धावून येणाऱ्या किंवा स्वतःला इजा करून घेणाऱ्या प्रौढाला हाताळता येते, असा समज करून घेऊ नये. त्यासाठी नियोक्त्याने सकारात्मक वर्तन-साहाय्याचे वेगळे प्रशिक्षण द्यायला हवे. असे वर्तन केव्हा, कोणासमोर व कशानंतर घडते याच्या नोंदी ठेवणे, त्यातून ती व्यक्ती काय मिळवू किंवा टाळू पाहते हे ओळखणे, आणि दातदुखी किंवा बद्धकोष्ठ यांसारखे शारीरिक कारण आधी तपासणे, हा त्याचा गाभा होय. बोलून सांगता न येणाऱ्याच्या बाबतीत हे शेवटचे कारण फार सहज नजरेआड होते.

शरीर धरून रोखण्याचे तंत्र, असे वर्तन मुळात उद्भवू न देण्याच्या शिक्षणानंतरच शिकवावे, असे अशी रोखणूक कमी करण्यासाठी काम करणाऱ्या रिस्ट्रेंट रिडक्शन नेटवर्क या संस्थेची मानके सांगतात. निर्णयक्षमता नसलेल्या व्यक्तीला रोखणे २००५ च्या मेंटल कपॅसिटी कायद्यानुसार, त्या व्यक्तीलाच होऊ शकणारी इजा टाळण्यासाठी ते आवश्यक आणि संभाव्य इजेच्या प्रमाणात असेल तरच वैध ठरते. म्हणून रुजू होण्यापूर्वी संस्थेचे प्रशिक्षण या मानकांनुसार प्रमाणित आहे का, हे विचारावे, आणि ते पूर्ण होईपर्यंत एकट्याने कामाची पाळी स्वीकारू नये.